धक्कामास्तर आणि तपकिरी कोट

आमच्या बेटावर पानं गळायला फारशी झाडंच नव्हती. शाळेमागे चार, दवाखान्यासमोर एक, आणि विहिरीजवळ एक वाकडं, ज्याला पानं कधी आली आणि कधी गेली ते कुणाला कळायचं नाही. त्यामुळे पानगळ सुरू झाली हे आम्हाला झाडांकडे बघून समजत नसे, माणसांच्या अंगाकडे बघून समजायचं. उन्हाळ्यातले पाहुणे परत जायचे, खानावळीच्या खुर्च्या एकमेकींच्या डोक्यावर चढायच्या, बोटीच्या फेऱ्या कमी व्हायच्या, आणि मग एके सकाळी वारा उत्तरेकडून यायचा. त्या दिवशी सबंध बेटाला डांबरगोळ्यांचा वास यायचा, कारण घरोघरी ट्रंका उघडलेल्या असत.

आमची ट्रंक माळ्यावर असायची. आई ती खाली घ्यायला लावायची आणि मग दादाला आणि मला समोर उभं करून एकेक कपडा अंगाला लावून बघायची. दादाला आखूड झालेलं सगळं माझ्याकडे यायचं. मी शेंडेफळ, त्यामुळे माझ्यानंतर त्या कपड्यांना पोतेऱ्याशिवाय दुसरं भविष्य नव्हतं. "थंडीला तीन दारं," आई म्हणायची. "मान, मनगट आणि घोटा. तेवढी बंद केली की ती बाहेरच बसते बोंबलत." मग ती ती दारं अशी काही बंद करायची की मला हात खाली सोडता यायचे नाहीत. दादा मला चालता लोड म्हणायचा.

बाबा धक्क्यावरच्या तिकीटखोलीत नोकरीला होते. तिकिटं द्यायची, बोट लागली की दोर बांधायचा, सुटली की सोडायचा. कागदोपत्री ते कारकून होते, पण सगळं बेट त्यांना धक्कामास्तर म्हणायचं. त्यांची खोली एवढीशी. मिठाने पांढरी पडलेली एक काच, एक बाक, एक किटली, आणि मुद्दाम पुढे करून ठेवलेलं एक घड्याळ, कुणाची बोट चुकू नये म्हणून. मागच्या भिंतीला ओळीने खुंट्या होत्या आणि त्या खुंट्यांवर कोट. कुणाकुणाचे कोट.

त्या कोटांची सुरुवात माझ्या जन्माआधीची. दवाखान्यात नवी नर्स नेमली होती. ती पलीकडून निघाली तेव्हा तिकडे ऊन होतं. इकडे उतरली तेव्हा वारा सुटलेला, आणि बाईंच्या अंगात पातळ सुती कपडे. बाबांनी स्वतःचा कोट काढून दिला आणि दिवसभर तसेच धक्क्यावर उभे राहिले. नर्सबाईंना बेटावर पहिला रुग्ण मिळाला तो बाबांच्या रूपाने. आठवडाभर तापाने फणफणले होते. आई त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवत म्हणाली होती, "कर्णाने कवचकुंडलं दिली, पण नंतर त्याची उस्तवार कुणी केली ते काही ऐकलं नाही."

पण आईच तोड काढणारी. बोटीवर आणि धक्क्यावर लोक वस्तू विसरायचे. त्या वर्षभर सांभाळायच्या आणि मग त्यांची विल्हेवाट लावायची, असा बोटकंपनीचा नियम होता. "विल्हेवाट म्हणजे समुद्रातच टाकणार ना तुम्ही?" आई म्हणाली. "माझ्याकडे आणा. मी लावते विल्हेवाट." आईचं शिवणाचं मशीन होतं. तिने ते कोट उसवले, धुतले, फाटकी अस्तरं बदलली, बटणं लावली आणि बाबांच्या खुंट्यांवर परत टांगले. तेव्हापासून पातळ कपड्यांत उतरणाऱ्या प्रत्येकाला बाबा खिडकीतूनच विचारायचे, "परतीच्या बोटीने जाणार ना? मग हा घाला. जाताना टांगून जा." बहुतेक लोक टांगून जायचे. एखादा तसाच अंगात घालून निघून गेला तरी बाबा म्हणायचे, "त्याला थंडी जास्त वाजत असेल."

त्या खुंट्यांवर एक तपकिरी कोट होता. लांब, जाड लोकरीचा, शिंगाच्या बटणांचा. तो उंच माणसाचा होता, इतक्या उंच माणसाचा की कुणाला नीट बसायचाच नाही. आमचा टपालवाला नवीन लागला तेव्हा त्याच्याकडे धड कोट नव्हता. बुटका, काटकुळा, आईवेगळा मुलगा. टपालाची थैली घेऊन त्याला वाऱ्याच्या तोंडावर सगळं बेट फिरायला लागायचं. बाबांनी त्याला तपकिरी कोट दिला. आईने बाह्या वीतभर कापल्या, खालचा घेर उचलून घेतला, खांदे आत घेतले. "परत कधी देऊ?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "थंडी संपली की."

बाबांच्या हिशोबाने थंडी कधी संपलीच नाही. कोट टपालवाल्याचा झाला. लांबून टेकडीवर तपकिरी ठिपका दिसला की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. तो कोट घालूनच तो बेकरीवाल्याच्या मुलीला मागणी घालायला गेला, आणि तिच्या बापाने म्हणे आधी कोटाचं कापड चिमटीत धरून बघितलं आणि मग आत बोलावलं.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. पानगळीचेच दिवस. बाबा भर दुपारी एका माणसाला घेऊन घरी आले. उंच म्हणजे केवढा, दारातून येताना त्याला वाकावं लागलं. वय झालेलं, अंगावर शहरी पातळ जाकीट. बाबा आईला म्हणाले, "अगं, चहा टाक. हे पाहुणे कोट शोधायला आलेत."

आईने आधण ठेवलं.

"तपकिरी," ते गृहस्थ म्हणाले. "शिंगाची बटणं होती. बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी कोण ठेवतं, कळतं मला. पण एकदा विचारून तरी यावं म्हटलं."

"विसरला होता का?" आईने विचारलं.

ते म्हणाले, "नाही हो. विसरलो म्हणून सांगितलं तिला. माझ्या बायकोने घेतला होता तो. मला आवडायचा नाही, ओझं वाटायचं. इथे फिरायला आलो होतो आणि परत जाताना धक्क्यावर आमचं भांडण झालं. कशावरून, ते आता आठवतही नाही. मी कोट मुद्दाम बाकावर ठेवला आणि बोटीत चढलो. बोट सुटल्यावर तिने विचारलं, कोट कुठे आहे? म्हटलं, राहिला वाटतं. तिला कळलं होतं. पुढे जन्मभर तिने त्या कोटाचं नाव काढलं नाही. या उन्हाळ्यात ती गेली."

आई बाबांकडे बघत होती आणि बाबा जमिनीकडे. त्या वेळी तो कोट बेटाच्या पलीकडच्या टोकाला कुणाच्या तरी दारात पत्र देत उभा असणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"तुम्ही चहा घ्या," बाबा म्हणाले. "मी आलोच." आणि टोपीसुद्धा न घालता बाहेर पडले.

बराच वेळ ते आले नाहीत. आईने पाहुण्यांशी हवेच्या गोष्टी केल्या, बोटीच्या केल्या, परत हवेच्या केल्या. मग मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, "बाह्या मी कापल्यात गं. वीतभर. आता कुठल्या तोंडाने सांगू त्यांना?"

शेवटी दार उघडलं. पुढे टपालवाला होता, मागे बाबा. टपालवाल्याने कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली होती. त्याने आधी थैली खाली ठेवली. मग एकेक बटण काढलं, कोट उतरवला, झटकला, घडी घातली आणि पाहुण्यांसमोर धरला.

"तुमचा आहे म्हणे," तो म्हणाला.

त्या गृहस्थांनी घडी उलगडली. कॉलरवरून हात फिरवला आणि कोट अंगात चढवला. खांदे अडले. बाह्या कोपराच्या थोड्या खाली येऊन थांबल्या आणि त्यातून दोन लांब हात बाहेर आले.

"माझंच काम ते," आई भरभर म्हणाली. "तेव्हा वाटलं नव्हतं कुणी येईल. बोटीला अजून वेळ आहे. दुसरं कापड जोडून देते, आत्ता मशीनवर घेते. उसवू का खांदे?"

ते आपल्या मनगटांकडे बघत राहिले. "राहू द्या. ती म्हणायचीच, तुझे हात कपड्याच्या बाहेरच राहतात." मग टपालवाल्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ऊब आहे ना याला?"

"फार," टपालवाला म्हणाला.

"मला ठाऊकच नव्हतं. मी तो धड घातलाच नाही कधी."

खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, आता हे कोट काढतील आणि टपालवाल्याच्या खांद्यावर ठेवतील. गोष्टींमध्ये तसंच होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. आईला नमस्कार केला, टपालवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि त्या आखूड बाह्यांच्या कोटातच बोटीवर गेले. बाबांनी दोर सोडला. आम्ही घराच्या खिडकीतून बघत होतो. ते आत जाऊन बसले नाहीत, डेकवरच उभे होते.

बाबा परत आले आणि खुंटीवरचा स्वतःचा कोट काढून टपालवाल्याला देऊ लागले. "नको," तो म्हणाला. "याचाही मालक उगवायचा कुठून तरी." आणि स्वेटरवरच निघून गेला.

ती सगळी थंडी तो आमच्याशी बोलला नाही. आमची पत्रं दाराखालून आत सरकवायचा. धक्क्यावर टपालाची पोती उचलायला यायचा, पण तिकीटखोलीच्या खिडकीकडे मान वळवायचा नाही. आईने जाड निळ्या घोंगडीचा नवा कोट शिवला, दादाच्या हाती पाठवला. तो त्याने घातला, नाही असं नाही, पण बेटभर सांगत फिरला की यातून वारा आत येतो. "माझ्या शिवणातून वारा?" आई तणतणायची. "त्याच्या डोक्यात शिरलाय वारा." दुपारी किटलीवर स्वतःचा आणि टपालवाल्याचा असा दोघांचा चहा ठेवायची बाबांची जुनी सवय होती. ते दोघांचाच ठेवायचे आणि मग दुसरा कपही स्वतःच प्यायचे.

थंडी सरताना बाबांचा हात दोरात सापडला. बोट लाटेने मागे ओढली गेली आणि दोर बोटांवरून गेला. हात बांधलेला, त्यामुळे काही दिवस दोराचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी बाबा धक्क्यावर गेले तर टपालवाला आधीच दोराजवळ उभा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बोट बांधली, पोती उतरवली आणि तिकीटखोलीत येऊन बाकावर बसला. "खिडकी लावा, वारा येतोय," तो म्हणाला. बाबांनी खिडकी लावली आणि किटली ठेवली. कोटाचा विषय त्या दोघांत पुन्हा कधी निघाला नाही, निदान आमच्या देखत तरी नाही.

पुढे बंद काचांची मोठी बोट आली. तिकिटं बोटीतच मिळायला लागली. लोक गरम केबिनमधून उतरून थेट गाडीत बसायला लागले, कारण बेटावर गाड्याही आल्या. बाबा निवृत्त झाले. तिकीटखोलीला कुलूप लागलं आणि खुंट्यांवरचे कोट आईने ज्याला हवे त्याला देऊन टाकले. दादा आणि मी शहरात राहायला गेलो. इथे ऋतू बदलतो तो दुकानांच्या काचांमागे. मी कधी पातळ कपड्यांत घराबाहेर पडले की मान, मनगट आणि घोटा एवढं आठवतं आणि मी परत वर जाऊन मोजे घालून येते.

बाबा गेले ते वसंतात, दुपारच्या झोपेतच. आम्ही बेटावर गेलो. येणारे येऊन गेले, आणि संध्याकाळी टपालवाला माझ्याशेजारी ओट्यावर बसला. त्याचेही केस पांढरे झाले होते. समुद्राकडे बघत तो म्हणाला, "त्या दिवशी मला घेऊन यायला आले होते ना मास्तर, तुम्हाला वाटलं असेल, त्यांनी मला कोट द्यायला लावला."

"तसंच वाटलं होतं," मी म्हणाले.

"नाही. मला वाटेत गाठलं, सगळं सांगितलं, आणि म्हणाले, तू नाही म्हणालास तर मी जाऊन सांगतो, कोट मिळाला नाही म्हणून. तू घरी जाऊन थांब, बोट सुटेपर्यंत बाहेर येऊ नकोस. खोटं बोलायचं ते मी बोलतो."

बाबांना खोटं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. घड्याळ सोडलं तर.

"मग का दिलास?" मी विचारलं.

"डोक्यावर टोपी नव्हती त्यांच्या. कान लाल झालेले. तसे उभे होते आणि माझ्यासाठी खोटं बोलायला निघाले होते. म्हटलं, या माणसाला मी हे करायला कसं लावू?"

"मग सगळी थंडी बोलला का नाहीस?"

तो हसला. "अगं, चांगलं वागलो ना मी. चांगलं वागल्यावर ऊब येते असं ऐकलं होतं. मला नुसती थंडीच वाजत होती. राग कुणावर तरी काढायला नको? त्यांच्यावरच काढता येण्यासारखा होता."

आतून आईने विचारलं, "भावजी, चहा घेणार का?"

"घेतो, वहिनी," तो म्हणाला आणि उठून आत गेला. चहा पिताना त्याने तिला विचारलं, घराचं काय करायचं ठरवलंय. समुद्राकडचं छप्पर एका बाजूने खचलंय, ते या उन्हाळ्यातच बघून घ्यायला हवं, त्याच्या ओळखीचा एक सुतार आहे.