गिरीश टिपणीसचं पहिलं मत

गिरीश टिपणीसला मी तोंडावर भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते आणि मनातल्या मनात कायम एकेरीवर असते. इथे मनातलंच लिहायचं आहे, तेव्हा एकेरीच चालू दे.

हा माणूस एकोणसत्तरच्या जानेवारीत मिनिआपोलिसला उतरला तो थेट आमच्याकडे. माझा नवरा अनिल आणि तो मुंबईला इंजिनिअरिंगला एका वर्गात होते, एवढीच ओळख. एक सूटकेस, एक प्रेशर कुकर आणि अंगात रेनकोट. बाहेर उणे अठरा. चार आठवडे तो आमच्या सोफ्यावर झोपला, माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, अनिलचा ओव्हरकोट घालून इंटरव्ह्यू दिले आणि थर्मोस्टॅट बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला. आता तोच माणूस प्रत्येक पार्टीत हातात ग्लास धरून सांगतो, "मला कुणी काही दिलं नाही. मी स्वतःच्या पायांवर उभा राहिलो." त्या पायांचे मोजे मी धुतलेत.

त्याचं कॉलेज सरकारी होतं, शिष्यवृत्ती सरकारी होती, वर्षाची फी मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी होती. तरी याला सरकार म्हटलं की ठसका लागतो. मी कौंटीच्या ऑफिसात फूड स्टँपचे, म्हणजे गरिबांच्या सरकारी अन्नकुपनांचे, अर्ज तपासते, हे त्याला पहिल्यापासून फार विनोदी वाटतं. "काय वहिनी, आज किती फुकटे पोसलेत?" हा त्याचा विनोद. दहा वर्षं तोच आहे. आणि स्वतःच्या विनोदाला पहिला हसणारा तो स्वतःच.

माझं काम असं, की समोरचा माणूस सांगतो त्या पत्त्यावर खरंच राहतो का ते बघायचं. कुणाकडे घरभाड्याची पावती नसते, कुणाच्या नावावर वीजबिल नसतं, कुणी बहिणीच्या बेसमेंटमध्ये राहत असतं. एका कागदासाठी मी आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. शेजाऱ्याला फोन करते, घरमालकाला फोन करते, वेळ पडली तर माझ्या गाडीतून जाऊन दार बघून येते. याचा मला अभिमान होता. होता म्हणते, कारण पुढे तेच सांगायचं आहे.

आम्ही शहात्तर साली नागरिक झालो, ते मत देता यावं म्हणून. गिरीशने मात्र पंधरा वर्षं नागरिकत्व घेतलं नाही. अमरावतीच्या प्लॉटचं काय होईल, ही चिंता. पण ऐंशी साली रेगन निवडून आले आणि याच्या अंगात वारं शिरलं. अमेरिका पुन्हा ताठ उभी राहिली म्हणे. ती कधी वाकली होती आणि याला कुठून दिसली, देव जाणे. ऑफिसात त्याला सगळे गॅरी म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये त्याने शपथ घेतली, लाल टाय बांधून. फोटो आम्हाला तीन वेळा दाखवला.

आपल्या इथल्या मराठी मंडळात तो एकटा नव्हे, हेही सांगून टाकते. आपले निम्मे डॉक्टर-इंजिनिअर तसलेच. तिकडे आणीबाणी आली तेव्हा "गाड्या वेळेवर धावतायत" म्हणून खूश होते, इकडे रेगन आले म्हणून खूश. गणपतीत आरतीला टाळ्या पिटणार आणि प्रसादाच्या वेळी काळ्या माणसांबद्दल असं काही बोलणार, की हातातला मोदक कडू लागावा. आणि गोऱ्या शेजाऱ्याने 'तुमच्याकडे घरात हत्ती असतो का' विचारलं, की महिनाभर तो अपमान पुरवून खाणार.

गोऱ्या शेजाऱ्यांचंही मला कौतुक नाही. ईडन प्रेरी या उपनगरात राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. इथे कुणी कुणाशी भांडत नाही. मी अंगणात रेगनच्या विरोधात उभ्या असलेल्या मॉन्डेलची पाटी लावली तेव्हा डावीकडचे दोघे हसून म्हणाले, "काय छान ऊन पडलंय." उजवीकडचीने हॉटडिश आणून दिलं, बटाट्यांखाली काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. माणसं गॅरेजचं दार बटणाने उघडून आत जातात आणि दार बंद होईपर्यंत 'हॅव अ नाइस डे' म्हणत राहतात. शेजारी मेला तरी गवत कापायच्या दिवशी गवत कापतील.

आणि त्या ऑक्टोबरात टिपणीस ईडन प्रेरीत आला. आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे घर घेतलं. पद्मिनी, त्याची बायको, तेव्हा नागपूरला होती, वडिलांच्या ऑपरेशनसाठी. शनिवारी सामान हललं. रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"वहिनी, पद्मिनी म्हणते, दूध उतू घालवल्याशिवाय त्या घरात काही शिजवायचं नाही. तुम्ही याल का? मला हे काही कळत नाही यार."

मी गेले. चौदा ऑक्टोबर. खोक्यांच्या गर्दीतून वाट काढत स्वयंपाकघरात पोचले, नव्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं. इलेक्ट्रिकचा स्टोव्ह, तापायला अर्धा जन्म घेतो. तो बाजूला हात बांधून उभा. तेवढ्या वेळात त्याने मला टॅक्स का कमी हवेत ते सांगितलं. दूध फसफसून पूर्वेकडे उतू गेलं, तेव्हा मात्र टॅक्स राहिले बाजूला. मग म्हणाला, "पद्मिनीला आज फोन लावतो. सांगतो, वहिनींनी केलं म्हणून." स्टोव्हची जळकी साय मीच पुसली. पाटी आधीच लागली होती अंगणात, रेगन-बुशची. गृहप्रवेश व्हायच्या आधी.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर खोटं होईल. उणे पंचवीसला ज्याची गाडी सुरू होत नाही त्याने टिपणीसला फोन करायचा, हे सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. पहाटे सहा वाजता बॅटरीला जोडायची जंपर केबल घेऊन हजर. माझीच गाडी त्याने पाच-सहा वेळा सुरू करून दिली असेल. केबल लावता लावता फुकट्यांवर व्याख्यान देतो, पण येतो.

सहा नोव्हेंबर, मंगळवार. आमचं मतदान रस्त्याच्या टोकाच्या चर्चमध्ये, तळघरात. सकाळी सातला दार उघडलं तेव्हा मी रांगेत तिसरी होते. मत दिलं, पडद्याबाहेर आले, चर्चच्या बायकांनी केलेली पाणीदार कॉफी घेतली. आणि बघते तो नोंदणीच्या टेबलापाशी टिपणीस. सूट, तोच लाल टाय, हातात ब्रीफकेस. साडेनऊच्या विमानाने ह्यूस्टनला निघाला होता, परत येणार गुरुवारी. म्हणजे मत द्यायचं तर आत्ताच.

टेबलामागच्या मिसेस लुंडग्रेन त्याला समजावत होत्या. मिनेसोटात मतदानाच्याच दिवशी नाव नोंदवता येतं, पण पत्ता सिद्ध करावा लागतो. त्याच्या लायसन्सवर जुना पत्ता होता, नवं लायसन्स पोस्टात कुठेतरी होतं. काही हरकत नाही, त्या म्हणत होत्या, या भागातल्या कुणा नोंदलेल्या मतदाराने 'हा माणूस इथे राहतो, मी ओळखतो' असं शपथेवर लिहून दिलं की झालं. एक सही. टिपणीस रांगेतल्या गोऱ्या चेहऱ्यांकडे बघत होता. नवा माणूस, तीन आठवड्यांत कोण ओळखणार?

तेवढ्यात त्याला मी दिसले. त्याचा चेहरा कसा उजळला, ते मला अजून दिसतं. मिसेस लुंडग्रेननीही वळून बघितलं आणि त्यांचाही उजळला.

"हे बघा, झालंच काम!" त्या मला म्हणाल्या. "तुम्ही ओळखतच असाल यांना. तुम्ही लोक सगळे एकमेकांना ओळखता ना?"

तुम्ही लोक. सोळा वर्षं ऐकतेय. बँकेत, दुकानात, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. डोक्यात सणक गेली. आणि त्या सणकेच्या पाठोपाठ, अगदी थंडपणे, दुसरंही काही आलं, की हे एक मत रेगनचं आहे.

"का बरं?" मी म्हटलं. "आमचा दोघांचा रंग एक आहे म्हणून? नाही. मी यांना ओळखत नाही."

मिसेस लुंडग्रेन कानापर्यंत लाल झाल्या. तीन वेळा सॉरी म्हणाल्या. रांगेतल्या एका तरुण मुलीने माझ्याकडे आदराने बघितलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! गोऱ्या बाईला जागच्या जागी धडा शिकवला होता. चार-पाच सेकंद बरं वाटलं.

टिपणीसला आधी मस्करी वाटली. हातात पेन होतंच. "काय वहिनी," तो मराठीत हसून म्हणाला, "सही करा ना, प्लेन आहे माझं."

तेव्हाही सांगता आलं असतं. पण त्या आदराने बघणाऱ्या मुलीसमोर, त्या लाल झालेल्या बाईसमोर मी कुठल्या तोंडाने म्हणू, की हो, ओळखते, पंधरा वर्षं ओळखते, तुमचंच बरोबर? मी कॉफीचा कप कचऱ्यात टाकला आणि जिन्याकडे निघाले. मागे त्याचा आवाज आला. आरडाओरडा करेल, मला खोटं पाडेल, असं वाटलं होतं. तो मिसेस लुंडग्रेनना म्हणत होता, "माझी चूक, मॅम. मी आधी कागद तयार ठेवायला हवे होते."

त्या दिवशी ऑफिसात एक बाई आली, दोन पोरं, पत्त्याचा पुरावा नाही. मी तिच्या शेजारणीला फोन लावला आणि शेजारीण म्हणाली, "हो, ओळखते की, शेजारीच राहते." मी फॉर्मवर खूण केली. नेहमीसारखी केली.

निकाल जगाला माहीत आहे. पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं रेगनना. एकटं मिनेसोटा मॉन्डेलना, तेही तीन हजार सातशे एकसष्ट मतांनी. दुसऱ्या दिवशी आमच्यासारख्या चार-पाच जणांनी फोनवर एकमेकांचं अभिनंदन केलं, बुडत्या बोटीत एकच खुर्ची कोरडी राहिली म्हणून करावं तसं. अनिलला मी सगळं सांगितलं. तो जाऊ दे म्हणणारा माणूस आहे, पण या वेळी म्हणाला नाही. "एका मताने काय झालं असतं?" मी म्हटलं. "तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि उठून बर्फ काढायला गेला. बाहेर बर्फ नव्हतं.

टिपणीस कुणाला बोलला नाही. मंडळात बातमी फिरायला एक फोन पुरतो, दोन महिने झाले तरी फिरली नाही. मला त्याचाही राग आला. भांडायचं तरी! मोठेपणा दाखवायला सांगितलं होतं कुणी?

डिसेंबरात पद्मिनी परत आली आणि संक्रांतीचं हळदीकुंकू नव्या घरी ठेवलं. वीस जानेवारी, रविवार. त्याच दिवशी रेगनची दुसरी शपथ होती आणि त्याच दिवशी सुपर बोल, अमेरिकन फुटबॉलची फायनल, म्हणजे नवरे सगळे बेसमेंटमध्ये टीव्हीपुढे. मी डोकं दुखतंय म्हणणार होते. पद्मिनीचा सकाळीच फोन आला. "सुमित्रा, तू आलीच पाहिजेस गं. या घराचं पहिलं दूध तुझ्या हातचं आहे."

दारात टिपणीस उभा होता. पद्मिनी आत कुंकू लावण्यात गुंतलेली, म्हणून कोट घेणं आणि तिळगुळाचं ताट, दोन्ही कामं त्याच्याकडे. प्रत्येकीला काहीतरी पाचकळ बोलत होता, बायका हसत होत्या. हॉलमध्ये पद्मिनी कुणाला तरी सांगत होती, "अगं, इतका सूट इस्त्री करून गेले आणि मत देताच आलं नाही. लायसन्सवर जुना पत्ता. ओळख द्यायला एक माणूस मिळाला नाही म्हणे."

माझी पाळी आली. टिपणीसने ताट जरा मागे घेतलं, मान तिरकी केली आणि मिसेस लुंडग्रेनसारख्या गोड आवाजात इंग्लिशमध्ये म्हणाला, "मॅम, डू आय नो यू?"

सगळ्या हसल्या. टिपणीसचा विनोद, हसायचंच. तो हसत नव्हता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला स्वतःच्या विनोदाला न हसताना बघितलं.

माझ्या अंगावर कोट तसाच होता, चष्म्यावर वाफ धरलेली. मी म्हटलं, "मी सुमित्रा राजवाडे. मी याच भागातली मतदार आहे. या घराचा नंबर सातशे बारा. ऑक्टोबरच्या चौदा तारखेला या घरात मी दूध उतू घालवलं. गिरीश टिपणीस इथे राहतात. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखते. हे मी शपथेवर सांगते."

बायका आणखीच हसल्या. पद्मिनी आतून ओरडली, "काय नाटकं चाललीत गं दारात? थंडी येतेय आत!"

गिरीशभाऊजींनी ताट पुढे केलं.

"मतदान संपलं, वहिनी," ते म्हणाले. "तिळगूळ घ्या."