डाळजच्या फाट्यावरचे पंच

पोलीस गाडीची झडती घेऊ लागले तर काय बोलायचं, हे मला तेव्हा तोंडपाठ होतं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या पिंपळीच्या घरात माझ्याआधी कायद्याचं पुस्तक आलं नव्हतं. आजोबांची हयात मेंढरांमागं गेली आणि वडिलांची, म्हणजे तात्यांची, खाकी कपडा दिसला की उठून हात जोडण्यात. त्या हात जोडण्याची मला भयंकर चीड होती. सुट्टीत घरी आलो की मी त्यांना ऐकवायचो, झडती घ्यायची तर गावातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यांच्यासमोर पंचनामा लिहावा लागतो, त्याची नक्कल मागून घ्यायची. तात्या सगळं ऐकून घ्यायचे आणि "बरं हाय" म्हणून बैल पाण्यावर न्यायचे.

त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न डाळजला जमलं. तिला नववीत असल्यापासून फिट यायची. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन वर्षांत एकदाही आली नव्हती, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही असं त्यांनी बजावलं होतं. पाव्हण्यांना हे सांगायचं का, यावर घरात बोलणं झालं. आई नको म्हणाली. मीही नकोच म्हणालो. फिट येणाऱ्या माणसाचं लग्न कोर्टातून रद्द होऊ शकतं, असं तेव्हा माझ्याच पुस्तकात छापलेलं होतं. पुढं तो शब्द कायद्यातून काढून टाकला, पण तोवर आमचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते पान मी घरात कुणाला वाचून दाखवलं नाही. हक्काची पानं तेवढी वाचून दाखवायचो.

मुलाच्या आजोबांना अंथरुणातून हलता येत नव्हतं, म्हणून साखरपुडा डाळजला ठेवला. आमची भावकी सकाळच्या एसटीनं पुढं गेली. आई, तात्या, बहीण आणि मी भाड्याच्या जीपनं मागून निघालो. मुहूर्त बाराचा होता. भिगवण मागं टाकून डाळजच्या फाट्यावर आलो तर नाकाबंदी. हायवेवर कुठंतरी दरोडा पडला होता म्हणे.

हवालदार म्हणाला, "खाली उतरा. गाडी बघायचीय."

त्यानं सीटखाली काठी फिरवली असती आणि जाऊ दिलं असतं. आमच्या पुढच्या टेम्पोला तसंच सोडलं होतं. पण तात्या खाली उतरून हात जोडून उभे राहिले आणि माझं डोकं फिरलं.

"तात्या, हात खाली घ्या," मी म्हणालो. मग हवालदाराला म्हणालो, "आधी पंच बोलवा. पंच आल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही."

आई मागून कळवळून म्हणाली, "आरं, बघू दे की त्यास्नी. मुहूर्त टळंल."

चहाच्या टपरीवरून फौजदार उठून आला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वकील हायसा व्हय? मग कायद्यानंच करू."

पाव्हणे यायचे असले की यजमानाकडची माणसं फाट्यापर्यंत सामोरी येतात, ही आमच्याकडची रीत. मुलाचे चुलते आणि गावातले एक तात्यांच्या वयाचे गृहस्थ पांढरीशुभ्र धोतरं नेसून, फेटे बांधून आमच्यासाठीच उन्हात थांबले होते. फौजदारानं त्यांनाच हाक मारली. यांच्याहून प्रतिष्ठित त्याला त्या फाट्यावर दुसरं कोण दिसणार? चुलते तर हौसेनं पुढं आले. "आमचंच पाव्हणं हायती, सायेब. आमी ऱ्हातो की पंच."

पंच त्रयस्थ हवेत, हे मला माहीत होतं. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण होणाऱ्या सोयऱ्याला त्याच्याच शिवेवर, चारचौघांत, तुम्ही चालत नाही म्हणून कसं सांगणार? फौजदाराला सुनावणारा मी तिथं मूग गिळून गप्प बसलो.

हवालदारानं ओटीची पिशवी बॉनेटवर रिकामी केली. नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या, खण. खणाच्या घडीतून गोळ्यांची पट्टी पडली.

"कसल्या हायत? गुंगीच्या?" फौजदारानं विचारलं.

"माझ्या हायत्या," आई म्हणाली. "डोकं दुखतं माझं."

पण पिशवीच्या तळाशी दवाखान्याचा केसपेपर होता. परत जाताना बारामतीत डॉक्टरांना दाखवायचं म्हणून आईनंच तो घेतला होता. फौजदारानं तो उघडला आणि पंचांना ऐकू जावा म्हणून मोठ्यानं वाचला. बहिणीचं नाव, वय, आजार, गोळ्या किती वर्षं चालू आहेत ते सगळं. बहीण हिरव्या साडीत जीपच्या सावलीला उभी होती. चुलत्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, आक्षेपार्ह असे काहीही मिळून आले नाही. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. फौजदारानं नक्कल माझ्या हातात ठेवली. "घ्या. तुमचा हक्क हाय."

चुलते तात्यांना म्हणाले, "पाव्हणं, तुमी हितंच थांबा. घरात जरा बोलून येतो." ते मोटारसायकलवरून गेले ते परत आले नाहीत. दीड वाजता आमची भावकी साखरेची ताटं तशीच झाकून फाट्यावर चालत आली. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

परतीच्या वाटेवर मला कुणी बोललं नाही. तात्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी मीच सुरू केलं. फौजदारानं केसपेपर असा वाचायला नको होता, त्याच्या वरच्या साहेबाकडं तक्रार करता येते, मी अर्ज लिहितो.

"दादा, गप," बहीण म्हणाली. ती रडत नव्हती. "पिशवीला हात लावायच्या आधी पंच बोलवा म्हणालास. माझं दुखणं लपवायच्या आधी मला इचारलं व्हतंस? मी पयल्याच दिवशी सांगणार व्हते त्यास्नी. न्हाय म्हणाले असते तर घरात बसून म्हणाले असते."

आईनं तोंडाला पदर लावला. माझी मलाच लाज वाटत होती, आणि रागही अजून गेला नव्हता, फक्त तो आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

बारामतीत दवाखान्यापुढं जीप थांबली. गोळ्या चारच उरल्या होत्या. बहिणीनं केसपेपर घेतला आणि ती खाली उतरली. मीही उतरायला लागलो तर तिनं दार धरलं.

"तू नगं येऊस," ती म्हणाली, आणि एकटीच आत गेली.