पेशी जिवंत होत्या

“बाई, तुम्ही चहा द्या. उत्तरं द्यायला शिकलेली माणसं बसलीत इथे.”

सर हे सगळ्यांसमोर बोलले. परळमधली आमची प्रयोगशाळा, बाहेरून आलेले पाच-सहा पाहुणे, माझ्या हातात ट्रे. मी बीएस्सी झालेली, तात्पुरती टेक्निशियन. शिपाई रजेवर, म्हणून चहा माझ्याकडे.

पडद्यावर दिसत होतं ते काम माझं. पेशी आपल्या प्रथिनांना एक छोटी खूण जोडते. कुठल्या प्रथिनाने काय करायचं, ते त्या खुणेवर ठरतं. एका विषाणूचं प्रथिन आम्ही पेशीत घातलं की ती खूण जोडणारी यंत्रणाच बंद पडायची. फिल्मवर ती खूण काळ्या पट्ट्यांसारखी दिसते; ते पट्टे नाहीसे व्हायचे. आठ महिने त्या पेशी मी वाढवल्या. रविवारीसुद्धा येऊन. पडद्यावर नाव मात्र सरांच्या विद्यार्थ्याचं.

एका पाहुण्या बाईंनी त्याला विचारलं, “पेशीच मरत असतील, म्हणून पट्टे जात असतील. तसं नाही कशावरून?”

तो सरांकडे बघायला लागला. सर कागद चाळायला लागले. मला उत्तर माहीत होतं. तोंड उघडलं, तर सरांचं ते वाक्य. वर हसत पाहुण्यांना म्हणाले, “वडील गिरणीत होते हिचे. संपाची सवय आहे घरात.”

लोक हसले.

माझे बाबा. कोकणातून आलेले. वीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. संपात गिरणी बंद पडली ती कायमची. त्यांच्यावर हसले.

ट्रे टेबलावर ठेवला.   आणि बोलले.

“पेशी जिवंत होत्या. मी मोजल्यात. विषाणूचं प्रथिन बदल करून निकामी केलं आणि तेही घालून पाहिलं. तेव्हा पट्टे जागेवर राहिले. म्हणजे पट्टे जातात ते त्या प्रथिनामुळेच.”

बाईंनी लिहून घेतलं. सर माझ्याकडे बघतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद पुढे सरकवला. सगळे प्रयोग विद्यार्थ्याने केले, मी फक्त बाटल्या धुतल्या, असं लिहिलेलं.

“सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

डिलाईल रोडच्या चाळीत बाबा दारातच बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

“सही केलंस?”

“नाय.”

“मग जेवूक बस.”

नोकरी गेली. शोधनिबंध माझ्या नावाशिवाय छापून आला. न्याय वगैरे काही झाला नाही. दोन ठिकाणी माझ्याआधी सरांचा फोन पोचला.

तिसऱ्या ठिकाणी घेतलं. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबांना सांगितलं, माझ्या हातचं काम माझ्याच नावाने जाईल. चालत नसेल तर आत्ताच सांगा. आजही जिथे जाते तिथे आधी हेच सांगते. खुर्चीत कोणीही असो.