बोनेटवर नसलेली चावी

चावीवाला सगळ्यायले पाहिजे असते, पण घरात कोणाले नको. गाडीची चावी हरवली की 'भाऊ, दादा, लवकर या न' करतात, अन् काम झालं की त्याच भाऊच्या पाठीमागं म्हणतात, सांभाळून बरं, यानं एक चावी स्वतःसाठी ठेवली असन. बारा वर्षांपासून मी हे ऐकून राह्यली. आता माझं डोकं फिरते.

धम्मदीप माझा नवरा. मी त्याले नावानंच हाक मारते. सासूले ते अजून पटत नाही, तिचं ती पाहून घेईन. बोरी अरबच्या बाजारात याचा बाप, उकंडा नाव त्याचं, पत्र्याची पेटी घेऊन बसे. कुलूप उघडून दे, छत्रीची काडी बसवून दे, कानशीनं घासून चावी करून दे. धम्मदीप कानस धरायले तिथंच शिकला. लग्नानंतर आम्ही उमरखेडले आलो, तोवर नुसत्या लोखंडी चावीचे दिवस सरले होते. आता गाडीच्या चावीच्या काळ्या टोपीत एक चिप असते, ज्वारीच्या दाण्याएवढी. गाडी त्या चिपले ओळखते तेव्हाच इंजिन सुरू होते. नाही ओळखलं तं दार उघडते, चावी फिरते, समोर लाल दिवा लुकलुकते अन् गाडी जागच्या जागी. हे काम शिकायले तो नागपूरले एका उस्तादाकडं आठ महिने राह्यला. उस्ताद शिव्या देई, हा गप ऐकून घेई. ती गप ऐकून घ्यायची सवय त्यानं तिथूनच आणली, अन् मले तिचाच राग येते.

आमच्याकडं एक जुनी व्हॅन हाये. त्यात चावी कापायची मशीन, अन् दुसरी एक हातात मावणारी मशीन, ती स्टेअरिंगच्या खाली जोडतात. फोन माझ्याजवळ असते, कारण हा फोनवर 'हो' अन् 'येतो' याच्यापुढं जात नाही. गिऱ्हाइकाच्या दारात गेला की याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जितक्या चाव्या असतील तितक्या बोनेटवर ठेवा." नवीन चावी शिकवताना गाडीच्या डोक्यातून जुन्या सगळ्या पुसाव्या लागतात. मग एकेक लावून पुन्हा ओळख करून द्यायची. त्या वेळी जी बोनेटवर नाही, ती मेली. तो हे सगळ्यायले सांगते, लोक मान हलवतात अन् ऐकत कोणीच नाही. त्याचा दुसरा नियम, आरसी बुक पाह्यल्याशिवाय मशीन जोडायची नाही. आरसीचा फोटो काढूनच ठेवते. एवढ्या दोन नियमांवर आमचं नाव टिकून होतं, अन् गेल्या वर्षी त्यानं स्वतःच त्यात घोळ घातला.

त्या दिवशी बाजार करून आम्ही दोघं घरी चाललो होतो. फोन आला, पेट्रोल पंपाच्या मागं या. तिथं प्रफुल्ल नावाचा माणूस पांढरी लहान गाडी घेऊन उभा होता. ढाणकी रोडवरच्या गावचा, घरी कापूस, सोयाबीन, बरी शेती. गावाचं नाव मी घेत नाही. म्हणे, एक चावी हरवली, कोणाच्या हाती लागली तं गाडी जाईन. तिले मारून टाका अन् मले एक नवी द्या. असे गिऱ्हाईक रोजच येतात, त्यात काही वावगं नाही. धम्मदीपनं आरसी पाह्यली. नाव उर्वशीचं.

"ह्या कोण?"

"बायको."

झालं. फोटो काढला, हरवलेली मारली, नवी करून दिली, काचेच्या कोपऱ्यात आमचं स्टिकर लावलं. मी व्हॅनमध्येच बसून होती. त्या बाईले एक फोन करावा, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याबी नाही आलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर मी सगळं त्याच्यावरच काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातले फोन वाजला.

"माझ्या गाडीले तुमचं स्टिकर लागलं हाये. चावी माझ्या हातात हाये, रोजचीच. अन् गाडी सुरू होत नाही. काय केलं तुम्ही?"

मी म्हटलं, "ताई, ही तं हरवली होती न?"

"कोण म्हणते? माझ्या पर्समध्ये होती."

मग तिनं सगळं सांगितलं. उर्वशी नर्स. पुसदच्या एका खाजगी दवाखान्यात सात वर्षं ड्युटी केली, त्याच कमाईतून ही गाडी घेतली. आज यवतमाळले सरकारी भरतीची कागदपत्र तपासणी होती. अकराच्या आत हजर व्हायचं, नाही तं नाव कापतात, अन् पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं. गावातली बस सहालेच निघून गेलती. नवऱ्याले बायकोनं नोकरीसाठी घर सोडायले नको होतं. आदल्या दिवशी त्यानं 'सकाळी सावकाश जा, गाडी हाये न' म्हणून तिले गोड बोलून झोपवलं होतं. आता तो मोटारसायकल फाटकात आडवी लावून ओट्यावर चहा पिऊन राह्यला होता.

मी धम्मदीपले म्हटलं, "तू एका बाईची नोकरी खाल्ली."

"मले काय माहीत? नवरा होता तो."

"आरसीवर नवऱ्याचं नाव होतं काय?"

त्यानं मशीन उचलली. न बोलता कामाले लागणं म्हणजे त्याचं कबूल करणं असते, पण मले त्या दिवशी तेवढं पुरे नव्हतं. मी स्वतः व्हॅनमध्ये जाऊन बसली. एकटा गेला असता तं चार शिव्या ऐकून परत आला असता.

पावणेआठले पोचलो. प्रफुल्ल ओट्यावरूनच ओरडला, "तुले कोणं बोलावलं?"

"मालकानं."

"मालक मी हाये."

धम्मदीपनं मोबाइल काढला, कालचा फोटो त्याच्यासमोर धरला. "यात तं तुमचं नाव नाही दिसत." मी त्याच्याकडं पाहतच राह्यली. एवढं तं तो आमच्या लग्नात बी बोलला नव्हता.

प्रफुल्लचं तोंड सुटलं. चोर तुम्ही, गावोगाव चाव्या करता अन् मागून गाड्या जातात, तुमची लायकी अंगणाबाहेर उभी राहायची, पोलिसात देतो. उर्वशी फाइल छातीशी धरून गाडीजवळ उभी होती. रडत नव्हती. मी जवळ गेली. म्हटलं, ताई, आमच्या व्हॅननं महामार्गापर्यंत सोडतो, तिथून यवतमाळची बस भेटते.

"नाही," ती म्हणे. "मले सोडायची गरज नाही. तुम्ही बंद केली, तुम्हीच चालू करून द्या. आज इथून बसनं गेली तं ही गाडी मले पुन्हा दिसणार नाही."

तिनं आमच्यावर बी काही कमी राग काढला नाही. तिचं बरोबर होतं.

धम्मदीपनं मशीन जोडली अन् बोनेटजवळ येऊन उभा राह्यला. "जितक्या चाव्या असतील तितक्या इथं ठेवा." उर्वशीनं आपली ठेवली. प्रफुल्लजवळ दोन होत्या, एक त्याची जुनी अन् एक कालची.

"दादा, ठेवा. नाही ठेवल्या तं दोन्ही बंद पडतील."

"माझ्या चावीले हात लावून दाखव."

"हात नाही लावत. तुम्हीच ठेवा."

त्यानं दोन्ही मुठीत दाबून धरल्या. धम्मदीपनं पुन्हा सांगितलं. मग अजून एकदा. माझ्या मनात आलं, कायले सांगून राह्यला हा बावळट, मरू दे न त्याच्या चाव्या. पण काल जिले इचारायचं होतं तिले त्यानं एकदाबी इचारलं नव्हतं, म्हणून आज तो ज्याले सांगायची गरज नव्हती त्याले तीन तीनदा सांगून राह्यला होता. शेवटी तो उर्वशीकडं वळला. "ताई, मालक तुम्ही. पुसू?"

"पुसा."

मशीनले दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं प्रफुल्लनं आमच्या सात पिढ्या काढल्या. मी बी त्याच्या काढल्या, उगाच खोटं कायले बोलू. मग उर्वशी आत बसली, चावी लावली. लाल दिवा लागला अन् विझला. इंजिन सुरू झालं. प्रफुल्लनं मूठ उघडून चाव्यांकडं पाह्यलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्या हातात आता फक्त दार उघडायचं लोखंड उरलं.

"मोटारसायकल काढा," धम्मदीप म्हणे.

"नाही काढत."

मी गेली. स्टँड वर केला अन् ढकलून दिली. पडली, आरसा फुटला. सासरच्या गावी असं कोणी केलं असतं तं मी नावं ठेवली असती. उर्वशीनं गाडी बाहेर काढली अन् आमच्याकडं न पाहता गेली. आभार नाही, काही नाही. मले ते आवडलं.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी तिचा मेसेज आला. पोचली, नाव पुकारलं, सही झाली. तीन महिन्यांनी आर्णीकडं पोस्टिंग मिळाली, गाडी घेऊनच गेली.

आमचं म्हणाल तं प्रफुल्लनं त्या सगळ्या पट्ट्यात सांगून ठेवलं की उमरखेडचा चावीवाला दुसऱ्याच्या बायका पळवते. तिकडचे फोन बंद झाले. गॅरेजवाले हसतात. धम्मदीप गप ऐकून घेते. मी नाही घेत.

तेव्हापासून आरसीवर बाईचं नाव असलं की बाईले फोन लागल्याशिवाय मशीन निघत नाही. फोन मीच लावते. हे सुरू केलं तेव्हा कळलं, किती गाड्या बायकांच्या नावावर हायेत. कोणी कर्ज लवकर मंजूर होते म्हणून घेतलेल्या, कोणी स्वतःच्या नोकरीत मालमत्ता दाखवायची नाही म्हणून. नवरे चिडतात, तिले कायले इचारायचं म्हणतात. नाही इचारलं तं चावी नाही, जा दुसरीकडं. काही जण जातात.

मागच्या आठवड्यात महागावजवळ असाच एक जण अर्धा तास कटकट करून राह्यला होता. शेवटी त्यानं नंबर दिला. मी म्हटलं, "ताई, तुमच्या गाडीची एक जुनी चावी बंद करून नवी करून राह्यलो. चालते न तुम्हाले?"

तिकडं भांड्याचा आवाज होता, तो थांबला.

"माझी गाडी?" बाई हळूच म्हणे. "माझ्या नावावर हाये? कोणती?"

मी तिले गाडीचा नंबर सांगितला.

"थांबा वं बाई," ती म्हणे, "पेन आणते."