वहिनीचा सब्जा

शाळेतला तास सुरू असताना शिपाई दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, नागपूरहून ट्रंक कॉल आहे." वर्ध्याच्या आमच्या शाळेत माझ्यासाठी फोन येण्याचं काही कारण नव्हतं. परीक्षा संपल्या की मी नागपूरला जाणारच होते. पलीकडे आनंद होता, माझा भाचा. लाईनवर खरखर इतकी की त्याला तेच वाक्य तीनदा ओरडावं लागलं. "आत्या, आई गेली." दुपारची भांडी घासून, हात पुसून जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. चैत्रातली दुपार होती. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. वहिनीबद्दल काही लिहावं असं रोज मनात येतं आणि रोज हात थांबतो, कारण तिच्याबद्दल सांगायचं तर एका रोपट्याबद्दल आणि माझ्या बाबांबद्दल सांगावं लागतं...

सुमित्रावहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी नववीत होते. माझी आई मी लहान असतानाच गेली. जरीपटक्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, मागे हातभर परसू, आणि घरात बाबा, दादा आणि मी. बाबा कापडगिरणीत होते, दादा पोस्टमन. वहिनी नरखेडकडच्या खेड्यातली. तिचे वडील दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत राबायचे. आमच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली, तिच्या माहेरानेही. घरातले जुने देव तेव्हाच गेले होते, आणि त्याबद्दल बाबांच्या मनात कधी हुरहूर नव्हती. उलट कोणी विचारलं तर त्यांची मान ताठ व्हायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दादाला ऊन लागलं. धरमपेठेत टपाल वाटताना सायकलीवरून पडला. दोन माणसांनी रिक्षात घालून घरी आणला तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. वहिनी रडली नाही. ओली चादर त्याच्या अंगावर घातली, कांदा ठेचून तळपायांना चोळला आणि मला बाजारात पिटाळलं. "सब्जा घेऊन ये वं, काळं बारीक बी असते ते." तापातून उठल्यावरही दादाला ती रोज भिजवलेल्या सब्ज्याचं पाणी पाजत राहिली. तिच्या माहेरी विहिरीच्या दांडाला सब्जा आपोआप उगवायचा. तो विकत आणावा लागतो याचंच तिला आश्चर्य वाटे. म्हणाली, "आपल्याच परसात लावू ना. बी तर घरात हाय."

पहिली पेरणी वाया गेली. विकतच्या त्याच बियांतल्या चिमूटभर तिने मातीवर टाकल्या, आणि मी कौतुकाने वर तांब्याभर पाणी ओतलं. बघता बघता बिया फुगून बेडकाच्या अंड्यांसारख्या बुळबुळीत झाल्या, एका जागी गोळा झाल्या आणि उन्हाने त्यांची पापडी झाली. उरलेल्या मुंग्यांनी नेल्या. वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पावसाळा लागल्यावर दुसऱ्यांदा तिने मला नुसतं बघायला लावलं. माती चाळून घेतली, बी कोरड्या राखेत आणि वाळूत मिसळलं, भाजीवर मीठ टाकावं तसं पसरलं आणि वरून मातीचा नुसता हात फिरवला. त्यावर ओलं पोतं अंथरलं. "याले वरून पाणी नाही चालत. पोत्यातून जेवढं झिरपते तेवढंच." आठवड्याभरात पोतं उचललं तर खाली हिरवे ठिपके होते. पुढे त्यांना चार-चार, सहा-सहा पानं आली आणि सगळा वाफा घमघमायला लागला.

त्याच सुमारास बाबा रात्रपाळी करून सकाळी घरी आले. हातपाय धुवायला मागे गेले ते बराच वेळ परत आले नाहीत. मी बघायला गेले तर वाफा मोकळा होता. रोपं मुळासकट उपटून एका कोपऱ्यात टाकलेली, आणि बाबांच्या हाताला माती.

वहिनी माझ्या मागे येऊन उभी राहिली. "मामाजी, काहून उपटली जी?"

"तुळस या घरात राहणार नाही."

"तुळस नाही जी. सब्जा हाय."

"मले शिकवून राहिली काय!"

बाबांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मग ते तिथेच दगडावर बसले आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले. त्यांची आई गावातल्या एका मोठ्या घरचं अंगण झाडायची. बाबा तेव्हा एवढेसे, तिच्यासोबत जायचे. खेळता खेळता त्यांचा हात अंगणातल्या तुळशीला लागला. "मालक मले काही नाही बोलला. मायले बोलला. सगळ्या आळीसमोर. माय पाया पडायले गेली तर म्हणे, लांबूनच पड..." बाबांनी हाताची माती झटकली. "तवापासून हा वास आला का मले मायची पाठ दिसते. वाकलेली."

हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. दादालाही नाही. वहिनी हळूच म्हणाली, "नाही लावत आता, मामाजी," आणि चहा टाकायला आत गेली. मी मात्र तणतणत तिच्यामागे स्वयंपाकघरात शिरले. "पण ती तुळस नव्हतीच ना! तू सांगत का नाहीस त्यांना?" ती स्टोव्हला पंप मारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुळस नव्हती हे खरं हाय वं. पण वास तर तोच हाय ना."

तेव्हा ती फार तर वीस वर्षांची असेल. पुढे मी बीएड केलं, मानसशास्त्राचे पेपर दिले. त्या एका वाक्यापाशी मात्र मी अजून घुटमळते.

वर्षभर तो वाफा तसाच पडून होता. वहिनीने त्यात मिरच्यासुद्धा लावल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गिरणीतल्या उष्णतेने बाबांना उन्हाळी लागली. लघवीला बसले की कण्हायचे, आणि सुनेसमोर लाजायचे. वहिनीने एका संध्याकाळी त्यांच्यापुढे पेला ठेवला. पाण्यात खडीसाखर आणि फुगलेला सब्जा. बाबांनी पेला उजेडाकडे धरला.

"हे कायचं बी हाय?"

मला वाटलं, आता ही काहीतरी दुसरंच नाव सांगेल. वहिनी म्हणाली, "मागल्या साली उपटलं ना जी तुम्ही, त्याचंच. बाजारातून आणलं."

बाबांनी पेला नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. "याले तर वास नाही."

"बियाले वास नसते, मामाजी. पानाले असते."

बाबांनी पेला ओठाला लावला आणि संपवून खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी काही न बोलता दुसरा मागितला. पाऊस सुरू व्हायच्या आधी एका सुटीच्या दिवशी ते स्वतः कुदळ घेऊन मागे गेले आणि तो वाफा खणला. वहिनीला हाक मारली. "लाव. पण कट्टा नाही बांधायचा."

"कट्टा कशाले जी? हे तर खायचं झाड हाय."

रोपं वर आल्यावर बाबा वाफ्याला वळसा घालून जायचे. मग एकदा सकाळी ते तिथे उकिडवे बसलेले दिसले. एक पान तोडून त्यांनी बोटांत चुरगळलं आणि हुंगलं. मी हाक मारणार तोच वहिनीने दारातून हातानेच मला थांबवलं. बाबा आणखी एक पान तोडून हुंगत राहिले. मग आमच्याकडे न वळताच म्हणाले, "वास तोच नाही वं, बाई. थोडा बडीशेपेवानी येते."

"हो जी," वहिनी म्हणाली. एवढंच. आत येऊन मात्र ती पदरात तोंड घालून रडली, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर वाफा बाबांचाच झाला. निवृत्त झाल्यावर तर रोपांवर शेजारची कोंबडी जरी आली तरी बाबांच्या ओरडण्याने घरात कळायचं. सर्दीला सब्ज्याच्या पानांचा काढा, जेवणात पानं घालून वाटलेली हिरव्या मिरचीची चटणी, आणि हिवाळ्यात मंजिऱ्या सुकल्या की सासरा-सून ओसरीवर समोरासमोर बसून त्या सुपात चोळायचे. फुंकर कोणी मारायची यावरून वाद व्हायचा, कारण बाबा फुंकले की फोलासोबत बीही उडायचं. शेजारच्या सिंधी काकू रोपं मागायला यायच्या, त्याला तुकमरिया म्हणायच्या. बाबा त्यांना पेरायची रीत समजावून सांगायचे, आणि वहिनी जणू पहिल्यांदाच ऐकते आहे अशी मान डोलवायची. बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांना घन काही गिळवेना, तेव्हा वहिनी त्यांना चमच्याने सब्ज्याचं पाणी पाजत बसे. ते गेल्यावरही तिने वाफा कधी मोकळा ठेवला नाही.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले ती चार दिवस राहिले. पाहुणे पांगले. तिसऱ्या दुपारी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून गेले तर दादा फडताळासमोर उभा होता. आयुष्यात तो या खोलीत फक्त जेवायला आलेला. आता एका हातात बियांची बरणी होती, दुसऱ्या हातात पेला. मला बघून ओशाळला.

"पाणी किती टाकत होती वं ती?"

ते मी कधी बघितलंच नव्हतं. आनंदला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्हाला पेला नेहमी भरलेलाच मिळाला होता. दादाने अंदाजाने दोन चमचे बी टाकलं, वर पाणी ओतलं, आणि आम्ही तिघं पेल्याकडे बघत ओट्याशी उभे राहिलो. थोड्या वेळाने बी फुगलं. पेल्यात पाणी म्हणून उरलंच नाही, नुसता घट्ट गोळा झाला. "राहू दे दादा, मी दुसरं करते," मी म्हटलं.

"नको," दादा म्हणाला. त्याने चमचा घेतला, वहिनीच्या पाटावर बसला आणि ते सगळं हळूहळू खाऊन संपवलं.