दादाच्या कानयंत्राची कॉइल

गल्लीत तिला सगळे कॉइलवाली ताई म्हणायचे. जळलेले पंखे, मिक्सर, पंपाच्या मोटारी तिच्या टेबलावर यायच्या आणि नवी तार अंगावर लेवून घरी जायच्या. शाळा दहावीपर्यंतची, पुढचं सगळं हातांनीच शिकवलं.

तिचा थोरला भाऊ सुतार. करवतीच्या आवाजात तीस वर्षं काढून त्याचे कान गेले, आणि त्याआधीच उजव्या हाताची दोन बोटं त्याच करवतीने नेली होती. कानाला यंत्र लावलं, पण त्यातली डाळीएवढी बॅटरी बदलणं त्याला जमेना. ती निसटून भुशात पडायची. मग दादा यंत्र खिशात टाकून मोकळा व्हायचा आणि वहिनी भिंतीशी बोलत बसायची. "बॅटरीसाठी दर वेळी काय बायकोला हाका मारायच्या?" एवढंच तो म्हणायचा.

ताईने मनावर घेतलं. यंत्र वाटीत नुसतं ठेवलं की चार्ज झालं पाहिजे. पिन नको, झाकण उघडणं नको.

एका कॉइलमधली वीज भराभर बदलत ठेवली की जवळच्या कॉइलमध्येही वीज उमटते, हे तिला पाठ होतं. ट्रान्सफॉर्मर तिने शेकड्याने बांधले होते. अडचण जागेची. जुनी बॅटरी काढून चार्ज होणारी घातली, की यंत्राच्या पोटात उरायची जेमतेम नखाएवढी फट. तिथे केसाएवढ्या तारेची चपटी कॉइल, उलटसुलट येणारी वीज एका दिशेने वळवणारे डायोड, विजेचे चढउतार सपाट करणारा एक कपॅसिटर आणि बॅटरीला जपणारी चिप बसवायची होती. दादाच्या यंत्राला हात लावण्याआधी तिने एक मोडकं यंत्र मिळवलं आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागली.

पहिल्या जोडणीत बॅटरी तापली. बोट लावून पाहिलं तर चटका बसला. हे तर दादाच्या कानामागे बसणार होतं. तिने सगळं उकललं, वेढे बदलले, पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. बॅटरीचं धातूचं कवचच कॉइलची ताकद गिळून तापत होतं. दोघांच्या मध्ये फेराइटची, म्हणजे कॉइलची चुंबकी ताकद कवचापर्यंत जाऊ न देणारी, कागदासारखी पातळ चकती सरकवली, तसा मीटरचा काटा वर चढला आणि बॅटरी गार राहिली.

वाटी दादाने स्वतः लाकडाची केली, चांगली बोटभर जाड बुडाची. वीज देणारी दुसरी कॉइल त्या बुडाखाली बसायची होती. ताई हसली. "दादा, यावर उभं राहता येईल, पण वीज पोचायची नाही." मग त्याने ते बूड तासून तासून बिस्किटाहून पातळ केलं. असलं नाजूक काम जन्मात केलं नव्हतं, अशी कुरकुर करत केलं, पण केलं झकास.

मग ताईने तीच जोडणी दादाच्या यंत्रात बसवली. महिनाभराने कानांच्या डॉक्टरीणबाईंनी ती वाटी आणि यंत्र उलटसुलट करून पाहिलं. कोणत्या कंपनीचं म्हणून विचारलं.

"कंपनीचं नाही," दादा म्हणाला. "बहिणीचं."

हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की बाहेर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून ताईशेजारी बसल्या. हात थरथरणाऱ्या दोघा पेशंटसाठी असं करता येईल का, असं त्यांनी विचारलं. ताईने पदराला हात पुसले, पिशवीतून वेढ्यांचा हिशेब मांडलेली वही काढली आणि पहिल्या पानापासून समजावून सांगायला लागली.