निवलेली कॉफी

आमच्या कुंभकोणममध्ये कॉफी चटका बसेल इतकी गरमच पितात. कोपऱ्यावरच्या दुकानात येणारा एक म्हातारा माजी सैनिक मात्र ती रोज पार निवू द्यायचा. मला ते बघवत नसे. एकदा विचारलंच.

"मी युद्धकैदी होतो, तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसं तो म्हणाला. "चहासाठी हात पुढे केला, की पहारेकरी हसत तो ओतून टाकायचा. चहा त्याच्या हातात होता, पण चहाची ओढ माझ्या हातात होती. ती मी सोडली. अजून सराव ठेवलाय."

मी थक्क झालो. उठताना माझं कोपर लागून त्याचा पेला कलंडला, कॉफी टेबलभर पसरली. त्याचा चेहरा शांतच होता. हात मात्र आपोआप पाठीमागे गेले होते, बांधल्यासारखे, मनगटावर मनगट.